आकाशांतील एकत्र कुटुंब

पाऊस सरून कार्तिक लागला, म्हणजे रत्नागिरीस भाट्याच्या किनाऱ्यावर रात्रीच्या पहिल्या प्रहरीं माथ्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या पश्चिमेकडील दोन तारे म्हणजे पंचांगांतील पूर्वाभाद्रपदा. भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ सालीं कोंकणांतील मुरूड गांवीं जन्मले; तेव्हां हें नक्षत्र आमच्या वाचकांस परकें नाहीं. परंतु त्याच्या वायव्येस, नुसत्या डोळ्यांस न दिसणारें एक कुटुंब नांदत आहे, त्याची ओळख आम्ही आज करून देत आहों.

१८७७ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथील ज्योतिषी एदुआर स्तेफान यांनीं त्याची नोंद केली. पांच दीर्घिका, म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचीं पांच नगरें, तेथें खेटून बसलेलीं दिसतात. मधल्या दोघी तर इतक्या गुंतलेल्या, कीं १८८८ च्या सूचींत दोघींस मिळून ७३१८ हा एकच क्रमांक पडला. पुढें त्यांस ‘अ’ आणि ‘ब’ म्हणूं लागले.

पण जवळ दिसलीं तीं सारीं एका घरचीं काय? आगगाडी दूर जातांना तिची शिट्टी खर्जांत उतरते, तसा दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबडेपणाकडे झुकतो. त्यावरून वेग कळतो. १९६१ सालीं बर्बिज दांपत्यानें दाखविलें, कीं पांचांपैकीं एकीचा वेग इतरांशीं मुळींच जुळत नाहीं. ती सुमारें ४ कोटि प्रकाशवर्षांवर आहे. बाकीच्या चौघी सुमारें २९ कोटींवर. ओटीवर बसलेल्या पाहुण्यास आपण घरचा समजावें, तसें झालें!

‘अ’ आणि ‘ब’ मात्र खरोखरीच घरच्या. तरी त्यांचें सख्य शांत नव्हे. ‘ब’ ही सेकंदास सुमारें ९०० किलोमीटर वेगानें या घरांत शिरत आहे. तारे एकमेकांवर आदळत नाहींत. त्यांच्यांतील अंतरेंच तेवढीं अफाट आहेत. आदळतो तो वायु. पूर्वींच्या ओढाताणींत दीर्घिकांतून निसटून मध्यंतरीं पसरलेल्या वायूवर तिचा आघात होऊन, आपल्या आकाशगंगेहूनहि लांब अशी तापलेली लाट उठली आहे. २०२२ सालीं जेम्स वेब दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत ती स्पष्ट दिसते.

तात्पर्य, शेजारीं दिसणें म्हणजे नातें नव्हे. एकाच्या येण्यानें दुसऱ्याच्या घरांत जी खळबळ उडते, ती नात्याची खूण.

आणि ही खळबळ आजची नव्हे. हा प्रकाश निघाला, तेव्हां सह्याद्रीचा काळा पाषाण अजून पृथ्वीच्या पोटांत होता. तो लाव्हारूपानें वर आला सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं. कार्तिकांत अंगणांत निजलेल्या मुलांस वडीलधाऱ्यांनीं तो चौकोन दाखवावा, आणि ही हकीगत अवश्य सांगावी.