तीन पावसाळ्यांचा संघ

पहाटे ४.४५. गजराच्या आधी पत्र्यावरचा पाऊस उठवतो. काल संध्याकाळी मैदानावर मारलेली फक्की वाहून गेली असणार, हा पहिला विचार. ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे भंडाऱ्यात रोवणीचे दिवस. हा पाऊस आत्ता थांबावा असं मनात येतं आणि लगेच लाज वाटते, कारण माझ्या कबड्डी संघातल्या बारा मुलींपैकी नऊजणी धानाच्या घरातल्या आहेत.

मी कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक. मुलं ‘सर’ म्हणतात, खेड्यात ‘खेळाचे मास्तर’ म्हणतात, आणि ते दुसरं नाव मला जास्त आवडतं. १९९७ साली रुजू झालो तेव्हा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला ते वेगळं झालं. नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं २००५ मध्ये. जुन्या प्रमाणपत्रांवर हे सगळे बदल दिसतात. खेळाडू मात्र मला तेव्हाही तीन वर्षंच मिळत होता, आताही जवळपास तेवढाच मिळतो. पहिल्या पावसाळ्यात मुलगी पकडीतून सुटायला शिकते. दुसऱ्यात खेळू लागते. तिसऱ्यात संघ सांभाळते, आणि जाते. मग पुन्हा पहिल्यापासून. यातला एक पावसाळा रोवणीत गेला तर मागे काय उरतं, याचा हिशेब मी दरवर्षी करतो.

५.३०. मैदानाच्या कडेनं पोलीस भरतीची मुलं-मुली धावताहेत. मुलींना तिथं ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. भर पावसातही त्यांचा एक दिवस चुकत नाही. मी पिशवीतून दोरी काढतो. नायलॉनची, चार गाठींची. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदानरेषा, ४ मीटरवर बोनस रेषा, ६ मीटरवर अंतिम रेषा. आणि आडव्या मापासाठी ८ मीटरची गाठ. मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, त्यातली दोन्ही बाजूंची एकेक मीटर पट्टी राखीव. टेपनं मोजायला दोन माणसं लागतात, दोरीला एक खुंटी पुरते. ओल्या मातीवर फक्की टिकत नाही म्हणून काठीनंच चर ओढतो.

सात मुली आल्यात. बारातल्या सात. वाईट नाही.

आजचा सगळा वेळ पायांवर घालवायचा ठरवलंय. आमचा सराव मातीवर, आणि विद्यापीठाच्या पुढच्या स्पर्धा मॅटवर. हा फरक घरी बसून सामना बघणाऱ्याला कळत नाही. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, अंगठा रुतवून तोल परत मिळवता येतो. मॅटवर बूट जागच्या जागी धरतो. वरचं शरीर वळलं आणि पाऊल वळलं नाही, की सगळा पीळ गुडघ्यात जातो. तीन मुली मी याच कारणानं गमावल्या. खेळातून गेल्या असं म्हणतोय, पण त्यातल्या एकीला अजून जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून पट काढायला शिकवण्याआधी मी थांबायला शिकवतो. धावत या, आखलेल्या चरावर दोन लहान पावलांत थांबा, गुडघा अंगठ्याच्या रेषेत ठेवा, मग वळा. चाळीस वेळा. मुलींना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

कोपरारक्षक जोडी चांगली लागतेय. डाव्या कोपऱ्यातली मुलगी तुमसरकडची, अंगानं बारीक, पण घोटा धरला की सोडत नाही. अडचण चढाईची आहे. माझी पहिली चढाईपटू आज नववा दिवस आली नाही. कारधाच्या पुलापलीकडलं गाव तिचं. पहिल्या एसटीनं येते. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हापासून तिच्या गावाहून सकाळच्या सरावाला येणं जमू लागलं होतं.

७.१५. भिजवलेले हरभरे आणि गूळ. डबा आमच्या घरून येतो, बायको रात्री भिजत घालते, सत्तावीस वर्षं. महिलांच्या कबड्डीत वजनाची कमाल मर्यादा ७५ किलो. माझ्या खोलीतल्या काट्यावर ती कधी कामी आली नाही. तिथं मी ४२ चे ४४ झाले का ते बघतो. दरवर्षी जुलैत मुलींचं रक्त तपासून घेतो. ज्या मुलीची चढाई विसाव्या सेकंदाला कोलमडते, तिला मी पूर्वी ‘दम वाढव’ म्हणायचो. चढाई तीस सेकंदांची, दम पुरलाच पाहिजे, एवढंच मला कळत होतं. तिचं हिमोग्लोबिन कमी आहे हे कळायला मला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांतल्या मुलींची मी मनातून माफी मागत असतो.

१०.४५. कॉलेज. पात्रता अर्जांचा गठ्ठा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, जन्मतारीख. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय पंचविसाच्या आत लागतं. एका अक्षराचा फरक निघाला तर मुलगी सामन्याच्या सकाळी बाहेर बसते, म्हणून प्रत्येक नाव बोट ठेवून वाचतो. एकीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं. तिला तहसीलच्या चकरा सांगाव्या लागतील, आणि चकरा म्हणजे तिची मजुरी. दुपारपर्यंत हेच.

टेबलामागे चौकटीतले फोटो आहेत. २०२० ची चौकट नाही. त्या वर्षी कोरोनानं स्पर्धा थांबवल्या आणि ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगा शहरात शिरली. त्या वर्षी तिसरा पावसाळा असलेल्या चार मुली शेवटचा सामना न खेळताच पदवीधर झाल्या. दर निकालाच्या दिवशी त्या मला आठवतात.

१.३०. स्कूटर घेऊन निघतो. पावसानं उसंत घेतलीय. कारधाच्या पुलावरून नदी गढूळ, काठोकाठ. पुलापलीकडे दोन्ही बाजूंना बांध्यांत वाकलेल्या बायकांच्या रांगा दिसतात.

या वाटेवर मला नागपूरच्या विजय बारसे सरांची आठवण हमखास येते. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारा माणूस. २००१ मध्ये त्यांनी वस्तीतल्या पोरांना गोळा करून झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. पुढे त्यावर ‘झुंड’ सिनेमा निघाला. सिनेमा बघताना मी त्यांच्या चालण्याकडेच बघत होतो. कॉलेजचं फाटक ओलांडून जिथं पोरं आहेत तिथं ते चालत गेले. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९३६ मध्ये आपले खेळ दाखवायला बर्लिनला पथक नेणारी ही संस्था. तिथं पकडी शिकलो, नियम शिकलो, शिट्टी वाजवायला शिकलो. पालकाच्या बांधीवर कसं उभं राहायचं, ते मात्र इथं येऊन.

मुलगी गुडघाभर चिखलात, परे लावतेय. मला बघून तिनं मान खाली घातली. वडील धुऱ्यावर आले.

“सर जी, तुम्ही कायले आले एवढ्या पाण्यात?”

“पोरीला बघायला आलो, भाऊ.”

“पाणी आज हाय, उद्या राहील का नाही कोणाले मालूम? परे पिवळे पडून राहिले. मजूर भेटत नाही जी. तिले कसा पाठवू?”

मी काही बोललो नाही, कारण ते खरं होतं. पऱ्ह्यांचं वय वाढलं की फुटवे कमी येतात, हे मलाही ठाऊक आहे. नोकरीचं आमिष मी कोणाला दाखवत नाही. राज्यात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्तरावरचं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. शंभरातल्या दोघी-चौघी तिथं पोचतात. बाकीच्या छप्पन्न चढाया करून घरी येतात, आणि त्या चढायांचं मोल मला बापाला पैशात सांगता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की जी मुलगी सात जणींच्या घोळक्यात एकटी शिरते, ती पुढे बँकेत, दवाखान्यात, पंचायतीत बोलताना आवाज खाली घेत नाही. हे मी बघितलंय.

तिची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आठ दिवस थांबा जी. रोवणा झाला का मीच आणून देतो तिले.”

आठ दिवसांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर येईल. मी विचारलं, कामाला किती वाजता लागता? आठ. मग सकाळी साडेपाच ते सात, इथंच, शाळेच्या आवारात. तिनं शहरात यायचं नाही, आम्ही येतो.

वडील बराच वेळ बांधीतल्या पाण्याकडे बघत राहिले. “सातच्या वर नाही ना जी?”

“सातच्या वर नाही.”

मुलीनं मान वर केली नाही. हातातली पेंडी सोडवली आणि पुढची रोपं लावू लागली. पण तिचा हात चटचट चालायला लागला होता.

परतताना शाळेचं आवार दोरीनं मापलं. लांबी बारा मीटर आरामात. रुंदी चिंचेच्या मुळापाशी आठच्या आत संपते.

४.३०. पुन्हा झड. मैदान नाही, म्हणून मुलींना वर्गात बसवून हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना दाखवला. ऑक्टोबर २०२३, चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५. भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. एका गुणाचा सामना दाखवण्यामागे माझा हेतू बोनस रेषेचा होता: समोर सहा किंवा सात रक्षक असताना मागचं पाऊल अधांतरी ठेवून रेषेपलीकडे टेकवलेला एक पाय, आणि एक गुण. मुली बोनसला हलकं समजतात, त्यांना पकडी मोडून आलेले गुण हवे असतात.

मग मी त्यांना २०१८ च्या जकार्ताचं सांगतो. तिथं अंतिम सामन्यात भारताच्या मुली इराणकडून २७-२४ नं हरल्या, आणि इराणच्या बाकावर प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच मातीतल्या बाईंनी परक्या मुलींना आपला खेळ शिकवून सुवर्ण मिळवून दिलं. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं विचारलं, “सर, त्याहिले वाईट नसंल वाटलं?” मी म्हटलं, समोर ज्या मुली उभ्या राहतात त्या आपल्या होतात. बाईंना काय वाटलं ते त्याच सांगू शकतील. हे मी माझ्यापुरतं बोललो.

मग गणित. शहरातून त्या गावाला सात मुली कशा न्यायच्या? तिघी भरतीवाल्या मुलींबरोबर सायकलनं येतो म्हणाल्या. दोघी माझ्या स्कूटरवर, दोन फेऱ्यांत. तुमसरकडची आणि आणखी एक आमच्या घरी राहतील. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, हरभरे जास्त भिजवते.

९.१०. जेवण झालं. दोघी मुली आतल्या खोलीत झोपल्यात. ओसरीवरच्या दिव्याखाली दोरी घेऊन बसलोय. चिंचेपाशी आठ मीटर मिळणार नाहीत, राखीव पट्टी एका बाजूला सोडावी लागेल. आठच्या गाठीच्या अलीकडे सातवर एक नवी गाठ मारतो, आणि उद्या अंधारात हाताला ओळखू यावी म्हणून तिच्यावर जुन्या लाल रिबिनीचा तुकडा बांधतो. पाऊस चालूच आहे. धानाला चांगला आहे.