तंबोऱ्याचे दुकान आणि नकाशातली टाचणी

तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला मी गेल्या पावसाळ्यात मिरजेला गेले. गुरुजींनी कारागिराचे नाव सांगितले होते. पत्ता म्हणजे 'सतारमेकर गल्लीत कुणालाही विचार' एवढाच. मी विचारले ते फोनला. 'तानपुरा दुरुस्ती' असे लिहिल्यावर त्याच गल्लीतली दुकाने दिसली, हे काही दिसले नाही. शेवटी रिक्षावाल्याने दारात नेऊन सोडले.

शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी 19व्या शतकात इथे वाद्ये घडवायला घेतली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन गावाच्या कलेला मिळते; फोनवरच्या यादीत प्रत्येक दुकान एकटे उभे असते. ''पूर्वी गवई नाव सांगायचे, ताई. आता पोरं फोनात बघून येतात, पहिल्या दारात थांबतात,'' चाचा म्हणाले. नातवाने कारखान्यात बसावे की नाही, हा घरातला प्रश्न त्यावरच अडला होता.

जवारीला दोन दिवस लागणार होते. तेवढ्यात चाचांच्या मुलाबरोबर मी दुकानाची नोंद उघडून पाहिली.

आसपासच्या शोधात क्रम लावताना आपण मुख्यतः तीन गोष्टी पाहतो, असे गूगल सांगते: शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही, जाहिरात वेगळी. एकाच गल्लीतल्या दुकानांत अंतराचा फरक तो काय असणार? पण इथे टाचणीच चुकली होती. नोंद करून देणाऱ्याने ती चाचांच्या राहत्या घरावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला, टोचली होती.

जुळणीचा घोळ याहून मजेदार निघाला. दुकानाचा मुख्य प्रकार म्हणून 'हस्तकला वस्तूंचे दुकान' निवडलेले. कारागिरीचा मान राखायला असेल, पण त्यामुळे चाचा लाकडी खेळण्यांच्या पंगतीत जाऊन बसले. आम्ही मुख्य प्रकार वाद्यदुरुस्तीचा केला, जोडीला वाद्यविक्रीचा. मग शब्द. आपण तंबोरा म्हणतो, बाहेरचा विद्यार्थी तानपुरा लिहितो. आपली सतार त्याची सितार, आणि तीही बहुधा रोमन अक्षरांत. यंत्राला पर्यायी शब्द बरेच कळतात, तरी त्याच्यावर विसंबण्याऐवजी सेवांच्या यादीत जवारी, तारा बदलणे, भोपळ्याची दुरुस्ती, असे एकेक काम दोन्ही नावांनी लिहिले. हे सगळे शब्द दुकानाच्या नावातच कोंबायचा मुलाचा बेत मी मोडला. पाटीवर जे नाव आहे तेच द्यायचे असा नियम आहे, आणि तो मोडला तर नोंद निलंबित होऊ शकते.

ख्याती मात्र दोन दिवसांत होत नाही. गिऱ्हाइकांचे अभिप्राय, इतर संकेतस्थळांवरचे उल्लेख, दुवे यांतून ती साठते. चाचांकडे चार अभिप्राय होते. सवलत देऊन अभिप्राय मिळवणे नियमात बसत नाही. नुसती विनंती चालते. पण विनंतीलाही चाचा तयार नव्हते. ''तंबोरा नीट बोलला तर ते सांगतीलच. मी कसं म्हणू, मला चांगलं म्हणा?'' चांगलेच म्हणायला नको, काय काम केले तेवढे लिहायला सांगा, अशी तडजोड झाली. मला ती अजूनही अर्धवट वाटते. ज्याची कीर्ती तीन पिढ्या मैफिलींतून तोंडोतोंडी गेली, त्याची यंत्राजवळ काहीच जमा नाही आणि परवा उघडलेल्या दुकानाची आहे, हा हिशेब मला पटलेला नाही.

महिन्याभराने पुण्यातून शोधले तेव्हा दुकान दिसले नाही, ते अंतरामुळे असावे. शोधात 'मिरज' जोडल्यावर तिसरे आले. चाचांना फोन केला. म्हणाले, ''काल धारवाडची एक मुलगी फोनात बघून आली. पण तिला हार्मोनियम पाहिजे होती. तेवढं कुठं चुकलंय बघा.''