‘माने’, ‘इये’ आणि ‘हे’: निरर्थक मानलेल्या शब्दांचा अर्थ

बोलता बोलता नेमका शब्द सुचत नाही, किंवा सुचूनही उच्चारावासा वाटत नाही, तेव्हा मराठी माणूस ‘हे’, ‘ते आपलं’, ‘म्हणजे’, ‘बरं का’ ह्यांचा आधार घेतो. मराठी व्याकरणांत अशा शब्दांपैकी काहींची बोळवण ‘पालुपदे’ किंवा ‘व्यर्थ उद्गारवाची’ म्हणून केलेली आढळते. यास्काने वेदमंत्रांतील ‘कम्’, ‘ईम्’, ‘इत्’, ‘उ’ हे निपात पादपूरणासाठी मानले. परंतु बोलण्यात पुरा करावयाचा पाद नसतो. तेथे हे शब्द ऐकणाऱ्यावर एक काम सोपवितात. रिकामी जागा त्याने आपल्या माहितीने भरावयाची असते, आणि ती माहिती उभयतांत समान नसली की घोटाळा होतो.

मराठी आणि बंगाली ह्या भगिनीभाषा कोलकात्यात शेजारी आल्या की ह्या घोटाळ्याला विशेष रंग चढतो. कचेरीत नव्याने रुजू झालेल्या मराठी माणसाची कल्पना करावी. बंगाली सहकारी सांगतो, “माने, साहेब आज आशबेन ना.” बंगालीतील ‘माने’ म्हणजे आपले ‘म्हणजे’. मूळ अरबी शब्द अर्थवाचक. त्याचाच मराठी अवतार पत्राच्या आरंभीचा ‘मायना’. नवख्याला मात्र साताऱ्याकडील कोणा मान्यांना हाक मारल्याचा भास होतो. पुढे तर अनर्थच. वाक्याच्या शेवटचा ‘ना’ बंगालीत येथे नकार आहे, मराठी कानाला तो लाडिक पुस्ती वाटतो. साहेब येणार नाहीत असे सांगितले गेले, आणि ‘येणार ना?’ असे ऐकले गेले. भेटीस आलेला मनुष्य मग संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहतो.

‘इये’ची गोष्ट थोडी निराळी. विसरलेल्या नामाच्या किंवा क्रियापदाच्या जागी बंगालीत हा शब्द येतो. दारात संकोचून उभ्या राहिलेल्या शेजारणीने ‘इये…’ म्हणून सुरुवात केली, तर मराठी गृहिणीला तिनेच आपल्याला एकेरीत ‘ये’ म्हटल्यासारखे वाटण्याचा संभव असतो.

उलट बाजूने आपले ‘हे’ अधिक घातक. बंगालीत ‘हे’ संबोधन आहे. आणि मराठीत ते विसरलेली वस्तूही दाखविते व नाव न घेता पतीही. ‘हे अजून आलं नाही’ म्हणजे गॅसचे सिलिंडर, ‘हे अजून आले नाहीत’ म्हणजे यजमान. भेद सारा क्रियापदात. बंगाली क्रियापदाला लिंग नाही. त्यामुळे नवी मराठी शिकलेली शेजारीण सिलिंडरासाठी व्याकूळ झालेल्या गृहिणीला पतीच्या उशिराबद्दल धीर देऊ लागते.

व्यवहारातील बोलणे केवळ नियमांनी येत नाही, ही जाणीव ह्या परिसरात जुनी आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे छापले गेले. त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले आहेत.

आज हा प्रश्न अनुवादकापुढे उभा आहे. तेंडुलकरांचे 1967 मधील ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ कोलकात्याच्या ‘बहुरूपी’ने 1971 मध्ये बंगालीत रंगभूमीवर आणले. अडखळणे हाच ज्या संवादांचा प्राण, त्यांतील असे शब्द गाळले तर पात्रे भाषण करू लागतात. ‘म्हणजे’ला ‘माने’ बहुधा चालते. ‘हे’ला ‘इये’ चालते, पण पतीचा उल्लेख असेल तेथे नाही. खरी अडचण ‘बरं का’ची. बंगालीत त्याच्या निकटचा शब्द ‘बुझले’. परंतु तो बरोबरीच्या माणसासाठी. वडीलधाऱ्यासाठी ‘बुझलेन’, अगदी सलगीत किंवा तुच्छतेने ‘बुझलि’. मराठी लेखकाने ‘बरं का’मध्ये जे झाकून ठेवले, ते उघडून कोण कोणाला काय लागतो हे अनुवादकाला पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते.