टाकीतला मृदू प्रवाळ

खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत डोलणारा मृदू प्रवाळ पाहिला, तर ही वनस्पतीच आहे असे तुम्ही म्हणाल. पण तो प्राणी आहे; किंबहुना अनेक चिमुकल्या प्राण्यांची वसाहत! प्रत्येकाच्या तोंडाभोवती पिसांसारखे आठ स्पर्शक असतात. तरीही त्याला उजेड लागतो. कारण टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते व त्यातले बरेचसे यजमानाला देते. पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. ते फार तापले, तर शैवाल बाहेर पडते, प्रवाळ फिकट होतो आणि पुढे उपासमारीने मरतो.

नवशिक्यांची फसगत होते ती पाणी घटल्यावर. ते भर म्हणून खारेच पाणी ओततात. पण वाफ होते ती पाण्याची. मीठ टाकीतच राहते! समजा, १०० लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलो क्षार आहेत. दहा लिटर पाणी उडाले, तर तेच क्षार ९० लिटरांत राहतील. प्रमाण लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम होईल. म्हणून भर घालावी ती क्षारविरहित पाण्याची, रोज थोडी थोडी.

सार्कोफायटन नावाचा चामड्यासारखा प्रवाळ तर कधी कधी आठवडाभर मिटून बसतो. घाबरलेला मालक त्याला फेकायला निघतो. आणि हा पठ्ठ्या अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकून पुन्हा फुलतो!