जुन्या गाडीचा आवाज

बिघडलेली वस्तू टाकून नवी घ्यावी, हा विचार अलीकडे इतका रूढ झाला आहे की, दुरुस्तीची गोष्ट काढणारा मनुष्य कंजूष ठरतो. परंतु कंजूषी आणि काटकसर यांतील अंतर व्यापाऱ्यास सांगावयास नको. आमच्या जामबागेतील दुकानाच्या पिकअप गाडीने हे अंतर आम्हांस नव्याने शिकविले. तो अनुभव व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे.

ही गाडी आमच्या तीर्थरूपांनी १९९८ साली घेतली. रेडिओ व कॅसेट वाजविणारा स्टिरिओ गाडीबरोबरच आलेला होता. गेल्या वर्षी तो एकाएकी मुका झाला. एका दुकानदाराने पाहताच निकाल दिला, "याचे सामान मिळत नाही, नवा बसवा." नवे संच बहुधा १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाचेत बसतात. आमच्या गाडीची खाच निराळी असल्याने समोरची फळी कापावी लागणार होती. चिरंजीवांनी रुकारही दिला. तेव्हा आमचा जुना चालक म्हणाला, "सेठजी, कापण्याआधी एकदा कोठीच्या गुजराती गल्लीत दाखवू या. फळी काय, उद्याही कापता येईल."

तेथील वयोवृद्ध कारागिराने संचास हात न लावता प्रथम फ्यूज काढला आणि तो आमच्यापुढे धरला. त्याभोवती चकचकीत पन्नी गुंडाळलेली होती. ती दोन वर्षांपूर्वी भर पावसात, घाईच्या वेळी, आम्हीच गुंडाळली होती. फ्यूज हा तारेचा पहारेकरी होय. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो स्वतः वितळून तारेस वाचवितो. पहारेकऱ्यास बांधून ठेवल्यावर तार तापली, तिचे आवरण वितळले आणि जोड तुटला. गाडीत कापडाचे गठ्ठे असतात, हे आठवून आमच्या अंगावर काटा आला. संच मुका झाला म्हणूनच बिघाड उघड झाला. एरवी काय घडले असते याचा विचारही नकोसा वाटतो.

कारागिराचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बॅटरीची ऋण तार सोडावी. मात्र काही संच त्यानंतर गुप्तांक मागतात, म्हणून तो अंक आधी शोधून ठेवावा. जळलेली तार बदलावी आणि फ्यूज ठरलेल्या मापाचाच घालावा. मग दिव्याने पाहावे की संचापर्यंत बारा व्होल्ट पोहोचतात काय. अर्थिंगचा स्क्रू गंजला असल्यास घासून घ्यावा. लाउडस्पीकरच्या तारा संचापासून सोडून त्यांस दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. 'कट्' असा आवाज आला तर स्पीकरची तार सहसा शाबूत असते. तारांच्या रंगावर विसंबू नये आणि स्पीकरची तार गाडीच्या लोखंडास जोडू नये. कित्येक संचांत त्याने आतील भाग जळतो. एवढे झाल्यावरच पेटी उघडावी.

आमच्या पेटीत दोन दोष निघाले. काही कपॅसिटर वयोमानाने सुकले होते, आणि कॅसेट फिरविणारा रबरी पट्टा सैल झाला होता. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटची फीत सेकंदास सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते. पट्टा ढिला पडला की ही गती मंदावते आणि गाणे रडके होते. पट्टा व कपॅसिटर बदलले, हेड अल्कोहोलने पुसले आणि आवाज परतला. सर्व खर्च नव्या संचाच्या किमतीच्या एक-चतुर्थांशाहून कमी आला.

प्रत्येक जुना संच दुरुस्त होतोच असे नाही. आतील छापील पट्टी जळाली अथवा पाण्याने गंजली, तर नवा घेणेच शहाणपणाचे. परंतु तो निकाल तपासणीनंतर द्यावा, आधी नव्हे. "सामान मिळत नाही" हे वाक्य उच्चारणे सोपे असते. ते खरे आहे की नाही हे पाहण्यास श्रम पडतात. जो दुकानदार ते श्रम घेतो, त्याच्याकडे ग्राहक पुन्हा येतो. आम्ही स्वतः त्याच कारागिराकडे पुन्हा गेलो. या वेळी दुकानातील प्रत्येक गाडीचा फ्यूज तपासून घेण्यासाठी. वाचकांनीही आपापल्या गाडीचा फ्यूज आजच पाहून घ्यावा, एवढीच विनंती.