वेब होस्टिंग घेताना: पाटी कुणाच्या नावावर?

बोरिवलीत क्लास असो की घाटकोपरला दुकान, "९९ रुपयांत वेबसाईट, सगळं अनलिमिटेड" असा फोन आला तर लगेच पैसे पाठवू नका.

होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची खोली. डोमेन म्हणजे दारावरची पाटी. खोली बदलता येते हो, पण पाटीच दुसऱ्याच्या नावावर असली तर? काही विक्रेते डोमेन स्वतःच्या खात्यात नोंदवतात आणि पुढच्या वर्षी म्हणतील तेवढे पैसे मागतात. म्हणून खातं तुमच्याच ईमेलने उघडा, पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. '.इन' डोमेनची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था पाहते. 'हूइज' शोधात डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे फुकट दिसतं. डोमेन दुसरीकडे न्यायला ऑथ कोड लागतो. तो मागितल्यावर देणार का, हे आधीच लेखी विचारा. टाळाटाळ झाली की समजून जा!

नूतनीकरणाचा दरही विचारा. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक काय करतो, ते उपनगरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. पावती, चॅट, व्यवहार क्रमांक जवळ ठेवा.