मोबाईल बघायचाच, तर लेकरासोबत बघू या

एका खोलीचे घर, आई स्वयंपाकाला, बाप कामावर आणि लेकरू रडतेय. मोबाईल हातात दिला की ते गप्प बसते, चार घासही खाते. आपल्या वस्तीत घरोघरी हेच चालते. यासाठी आम्ही कुठल्याही आईला दोष देत नाही. पण मोबाईल किती आणि कसा द्यायचा, हे मात्र आपण ठरवायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच नको. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नकोच म्हणते. गावाकडच्या आजीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

सोबत का बसायचे? मूल बोलायला शिकते ते उत्तर मिळाल्यामुळे. ते ‘भू भू’ म्हणाले की आपण म्हणतो, ‘हो, कुत्रा आला.’ पडद्यावरचे चित्र असे उत्तर देत नाही. ते आपण द्यायचे. व्हिडिओ मध्येच थांबवा. विचारा, ‘हत्ती कुठे गेला? आता काय करेल?’ गाणे लागले तर दोघांनी टाळ्या वाजवा. पडद्यावर टोमॅटो दिसला, तर टोपलीतला खरा टोमॅटो त्याच्या हातात द्या. यासाठी शिकलेले असण्याची गरज नाही. आपली बोली पुरेशी आहे.

काही नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावेत. जेवताना मोबाईल नको, कारण पोट भरल्याचे मुलाला कळत नाही. झोपण्याआधी तासभर बंद. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि मूल बोलत असताना आपणही आपला फोन खाली ठेवू या. स्वयंपाकाच्या वेळी त्याला डबे, झाकणे, वाटाणे सोलायला द्या. दाणे नाकात-तोंडात जाणार नाहीत इतकेच लक्ष असू द्या.

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर बघत नसेल, तर ‘होईल मोठेपणी’ म्हणून थांबू नका. अंगणवाडी ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, ती तपासणी मोफत असते.